डावऱ्या हाताचे घाव

आमच्या घरात सकाळी पहिला आवाज व्हायचा तो वाकसाचा. आखूड दांड्याचं, पातं आपल्याच अंगाकडं वळलेलं हे हत्यार. आबा दोन पावलांच्या मध्ये लाकूड दाबून धरायचे आणि असा घाव घालायचे, की बघणाऱ्याला वाटावं, गेली आता नडगी. नडगी कधी गेली नाही. टक, टक, मग थोडं थांबून पुन्हा टक. त्या थांबण्यात आबा लाकडाची रेघ कुठं वळते ते बघत असायचे. आत माय भाकरी थापत असायची. दोन टकांच्या मध्ये तिची थाप बरोबर पडायची, आणि मला लहानपणी वाटायचं की ती दोघं एकमेकांशी बोलतातच तशी, कारण एरवी त्यांच्यात फारसं बोलणं झालेलं मी ऐकलेलं नाही. घरभर बाभळीच्या ढलप्यांचा तुरट वास असायचा. त्याच ढलप्यांवर आमची चूल पेटायची.

भिंतीला खुंट्यांवर करवती टांगलेल्या असत. फळीवर थोरला आणि धाकटा रंधा, गोणपाटाच्या पट्टीत ओळीनं खोचलेल्या पटाश्या, कोपऱ्यात भोकं पाडायचं गिरमिट. यातलं काहीही शिवायची मला किंवा मायला मुभा नव्हती. दसऱ्याला तेवढी हत्यारं पुसून द्यायची, बाजूला सरायचं, हळदकुंकू आबा वाहणार. बाईचा हात लागला की धार मरते म्हणे. मी आयुष्यभर विळी, खुरपं, कोयता वापरत आले, त्यांची धार माझ्या हातानं मेलेली मी बघितली नाही. पण हे तेव्हा विचारलं असतं तर थोबाडात बसली असती, म्हणून विचारलं नाही.

आमच्याकडं बाभूळ तोडली की लगेच कामाला घेत नसत. गावाखालच्या ओढ्यात एक डोह होता. तोडलेले ओंडके त्या डोहात दगडाखाली दाबून बुडवायचे आणि एकदोन पावसाळे विसरून जायचं. पाण्यात लाकडातला रस निघून जातो, मग त्याला किडा लागत नाही आणि ते तडकत नाही. गावातल्या बहुतेक घरांचा एखादा ओंडका त्या डोहात असायचा. कुणाचं गाडीचं जू व्हायचं असायचं, कुणाची तिफण, एखाद्या लेकीच्या रुखवतातला पाट. कुठला ओंडका कुणाचा हे आबांना पाठ. बाहेर काढून सावलीत वाळवला की ते त्याचा तुकडा दगडावर आपटून कान लावायचे. "वाळलेलं लाकूड बोलतं, कांता," म्हणायचे, "वलं थोबाड फुगवून बसतं."

मग पाऊस गेला. पहिल्या साली पिकं अर्ध्यावर गेली, दुसऱ्या साली पेरणीच झाली नाही. डोह आटत आटत गेला आणि एके दिवशी ओंडके चिखलात बसलेल्या म्हशींसारखे उघडे पडले. आबांनी ते वर काढले, धुतले, सावलीला लावले. विचारायला मालक कुणी आलं नाही. पेरायलाच काही नाही तर तिफण कुणाला हवी होती? सुताराचं पोट सुगीवर, आणि सुगीच नव्हती. थोरला भाऊ बायकोला घेऊन ऊसतोडीला निघून गेला. आमचे बैल छावणीत गेले, ते तिथूनच विकले गेले. घरात रेशनची लाल मिलो ज्वारी यायची. तिची भाकर थापताना तुटायची आणि खाताना घशाला घासायची. सोबत तरवट्याचा पाला, तोही मिळाला तर. माय हुलग्याचं माडगं करायची ते इतकं पातळ, की वाटीचा तळ दिसायचा. आज आमच्याकडं सुना हुलग्याचं माडगं पौष्टिक म्हणून मुद्दाम करतात. मला ते अजून गिळवत नाही.

गावापासून दोन कोसांवर सरकारनं तळ्याचं काम काढलं. आसपासच्या गावांतली माणसं तिथं माती उकरायला आणि दगड फोडायला जायची. टिकाव, कुदळी, फावडी ट्रकनं आली, पण दांडे हवेत. तेव्हा चार गावांतल्या सुतारांनी मिळून एक सहकारी सोसायटी काढली आणि दांड्यांचं काम तिला मिळालं. चेअरमन झाले शेजारच्या गावचे नाना. बोलणं गोड, टोपी कडक. माझं लग्न त्यांच्याच भाच्याशी ठरत आलं होतं, त्यामुळे आमच्या घरात त्यांना पाटावर बसवत.

सोसायटीला सभासद कमी पडत होते म्हणून लिंबाजीला घेतलं. ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीतला हा माणूस बीडला सरकारी सुतारकामाच्या वर्गात वर्षभर शिकून आला होता. तिशीचा, सावळा, मोजकं बोलणारा. काटकोन बघायचा गुण्या लावल्याशिवाय एक रेघ ओढायचा नाही. आबा घरात म्हणायचे, "हात साफ हाय त्याचा." तेच आबा चारचौघांत त्याच्याशी दोन शब्दांवर तिसरा बोलायचे नाहीत. सभा आमच्या अंगणात भरायची. सगळ्यांना कपबशीतून चहा, लिंबाजीला कान तुटलेल्या कपात, आणि तो कप वळचणीला वेगळा खोचलेला. तो मीच खाली काढायचे आणि मीच परत खोचायचे. तो माझ्याहून दुप्पट वयाचा, तरी मी त्याला 'ए लिंबाजी' म्हणायचे. हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

सोसायटी होण्याआधी आबा आपल्या प्रत्येक वस्तूवर खूण करायचे, बुडाशी दोन आडव्या खाचा आणि एक तिरपी. काम बिघडलं तर माणूस बिनचूक आमच्या दारात यायचा. सोसायटीनं ती पद्धत बंद केली. आता सगळ्यांच्या दांड्यांवर एकच डाग, लोखंडी शिक्का तापवून उठवलेला. नाना म्हणाले, "आता कुणी मोठा न्हाई, कुणी ल्हान न्हाई. समद्यांचं एकच नाव." बोलणं सगळ्यांना पटलं. मलाही पटलं होतं.

दोन महिन्यांत डोहातलं लाकूड संपलं. मग तळ्याच्या जागेतल्याच बाभळी तोडून गाडीनं आमच्या दारात यायला लागल्या, ओल्या, साल सुद्धा न सुटलेल्या. त्याच सुमाराला आबांच्या उजव्या हातात बाभळीचा काटा मोडला. बोट पिकलं, मग पंजा सुजला. आठवडा झाला तरी मूठ वळेना. जो सभासद आठवड्याचे दांडे देणार नाही, त्याचं नाव कमी करायचं असं सोसायटीत ठरलेलं होतं. नाव कमी झालं की मजुरी गेली, आणि मजुरीवर येणारी मिलोही गेली. दोन दिवस आबा नुसते बसून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला रिकाम्या गोठ्यात बोलावलं, ताटी लावून घेतली आणि म्हणाले, "बस. पाय असे फाकून धर."

मी सतरा वर्षांची होते आणि डावरी. भाकरी थापताना, उखळात मुसळ घालताना मायनं जन्मभर मला त्यावरून टाकून बोललेलं. आज माझी नात डाव्या हातानं लिहिते, शाळेतल्या बाई तिला शाबासकी देतात. मला मास्तरांनी बोटं फोडून उजव्या हातानं लिहायला लावलं होतं. आबांनी वाकस माझ्या उजव्या हातात दिला. दोन घावांत तो दगडावर गेला. तेव्हा ते कंटाळून म्हणाले, "घे डाव्यात. मरू दे." आणि डाव्या हातात तो असा बसला, जसा काही तिथंच राहायला आला होता. पहिला दांडा उतरला तेव्हा मला जो आनंद झाला, तसा पुढं फार थोड्या गोष्टींनी झाला. खोटं कशाला सांगू? गाव उपाशी होतं आणि मी त्या गोठ्यात सुखात होते.

आबा शेजारी बसून दाखवायचे. कुठं भार द्यायचा, कुठं नुसतं पातं टेकवायचं. कुणी हाक मारली की वाकस त्यांच्या मांडीवर ठेवून मी गोवऱ्या चाळवायला लागायचे. एक गोष्ट ते रोज सांगायचे. दांड्याचा गळा, म्हणजे टिकावाच्या नेढ्याखालची, दांडा खोचायच्या भोकाखालची, वीतभर जागा, तिथं गाठ येता कामा नये. बाकी कुठं गाठ असली तर चालवून घेऊ. ओलं लाकूड उन्हात आकसतं, गाठ सुटते, आणि सगळा जोर गळ्यावरच येतो. "दांडा आपण करतो, पर त्याच्यापुढं मागं माणसं उभी असत्यात," म्हणायचे. गळ्यात गाठ आलेले दांडे ते कोपऱ्यात भिरकावायचे, चुलीसाठी.

त्या शनिवारी दुपारी गाडी दांडे न्यायला येणार होती आणि आबा हात दाखवायला अंबाजोगाईच्या दवाखान्यात गेले होते. मागच्या खेपेला नाना हसत बोलून गेले होते, "आबा, तुमच्याच घरची मोळी बारीक दिसती." ते मला लागलं होतं. ते माझ्या हाताला बोलले होते, पण हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं. सासरचं माणूस शेवटी. गाडीची घुंगरं ऐकू आली तेव्हा मोळीला पाच दांडे कमी होते. मी कोपऱ्यातल्या ढिगातून पाच उचलले. बाटलीच्या काचेनं गाठींवरून असं घासलं की त्या बोटाला लागू नयेत, वर ओल्या मातीचा हात फिरवला आणि मोळीत मधोमध घातले. भूक होती म्हणून केलं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खरं कारण, माझी मोळी भरलेली दिसावी एवढंच होतं.

दहाव्या दिवशी तळ्यावर एका गड्यानं टिकाव डोक्यावर उचलला आणि दांडा गळ्यात मोडला. पातं मागं उडालं. मागं आमच्या शेजारची गोदामावशी घमेलं भरायला वाकली होती. आमच्या आणि तिच्या घरात एका कुडाच्या भिंतीचंच अंतर होतं, माझ्या जन्माच्या वेळी मायजवळ तीच बसली होती. तिला जीपमधून अंबाजोगाईला नेलं. जीव वाचला, उजवा डोळा गेला. तिचा नवरा परत येऊन आमच्या ओट्यावर बसला आणि मायनं दिलेलं पाणी हातात धरून नुसता बघत राहिला.

तळ्यावरच्या साहेबानं सोसायटीला सांगितलं, दांडा ज्यानं केला त्याचं नाव द्या आणि त्याला काढा, नाहीतर काम दुसरीकडं देतो. चार गावांतल्या साऱ्या सुतारांची चूल त्या कामावर होती. दुसऱ्याच दिवशी आमच्या अंगणात सभा बसली. नानांनी मोडलेल्या दांड्याचं वरचं टोक मध्ये ठेवलं. मी दारात चहाची किटली घेऊन उभी होते. गाठ मी तिथूनच ओळखली.

तुकडा हातोहात फिरला. एकेक जण तो उचलायचा, गळ्यावरून अंगठा फिरवायचा, तिरपा करून उजेडात धरायचा आणि पुढं द्यायचा. सुताराला दुसऱ्याचं काम ओळखायला खूण लागत नाही. वाकसाचा घाव कुठल्या अंगानं आला ते लाकडावर लिहिलेलं असतं, आणि गळ्यावर काही मी रंधा फिरवला नव्हता. आबांनी तुकडा डाव्या हातात घेतला. त्यांचा उजवा फडक्यात बांधलेला होता. त्यांनी अंगठा फिरवला, फिरवतच राहिले, आणि तुकडा खाली ठेवला.

"कुणाचा हाय?" नानांनी विचारलं.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "सरकारी वर्गातल्याचा असंल. पिढीजात सुतार गळ्यात गाठ ठिवल व्हय?"

लिंबाजी कडेला, अंगणाच्या टोकाला बसला होता. त्यानं उठून तुकडा उचलला. "माझा न्हाई," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "हे घाव बगा की. डावऱ्या हाताचे हायत. मी उजव्या हातानं काम करतो, तुमी समद्यांनी बगितलंय."

"आपल्यात डावरं कोण हाय रं?" नाना म्हणाले. "कशाला कायबी काढतुस?"

तेव्हा सगळ्यांच्या नजरा आबांच्या बांधलेल्या हाताकडं गेल्या. एक क्षण तिथं थांबल्या आणि खाली वळल्या. आबांनी एक वाक्य बोललं असतं तरी पुरलं असतं. हात पिकला होता, डाव्यानं केलं, चुकलं. माझं नावही त्यात आलं नसतं. माझं ठरत आलेलं लग्न मोडलं असतं, घराची मिलो बंद झाली असती, एवढंच. आबा जमिनीकडं बघत राहिले. लिंबाजीनं आबांकडून मान वळवली आणि दाराकडं बघितलं. माझ्याकडं. माझ्या हातातल्या किटलीकडं. किटली डाव्या हातात होती.

मी ती उजव्या हातात घेतली.

त्यानं ते बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तुकडा जिथून उचलला तिथं ठेवून तो खाली बसला. नानांनी कागदावर त्याचं नाव लिहिलं आणि वाचून दाखवलं. हात वर करा म्हणाले. सगळ्यांनी केले. आबांनी बांधलेला उजवा हात वर केला. नंतर मी सगळ्यांना चहा दिला. लिंबाजीचा कप काढायला वळचणीला गेले तोवर तो निघून गेला होता.

त्या संध्याकाळी आबांनी मला एवढंच विचारलं, "कोपऱ्यातलं व्हतं?"

"व्हय."

"किती?"

"पाच."

दुसऱ्या दिवशी ते सुजलेल्या हातानं दोन कोस चालत तळ्यावर गेले आणि दिवसभर दांडे तपासून उरलेले चार हुडकून घेऊन आले. ते चुलीत घातले. मला त्यांनी मारलं नाही, शिवी दिली नाही. मीही त्यांना विचारलं नाही की तुम्ही का बोलला नाहीत. आम्ही दोघंही एकमेकांच्या धाकात राहिलो, ते मरेपर्यंत.

सोसायटीनं लिंबाजीला एक रंधा आणि तीन पटाश्या दिल्या होत्या, त्या परत करायला तो चार दिवसांनी आला. आबा घरी नव्हते, किंवा होते आणि बाहेर आले नाहीत. मला आता नक्की आठवत नाही, आणि आठवायची इच्छाही नाही. त्यानं फडकं पसरलं आणि हत्यारं एकेक करून ओट्यावर मांडली. सगळ्यांना धार लावलेली होती. रंध्याचं पातं तेलानं पुसलेलं होतं. त्या दिवसांत तेल कुणाच्या घरी होतं?

"बगून घ्या," तो म्हणाला.

मी म्हणाले, "ठीक हाय."

"न्हाई, हातात घिऊन बगा. मागून म्हनाल, लिंबाजीनं मोडकं दिलं."

मी रंधा उचलला, पटाश्या उचलल्या. मला म्हणायचं होतं, दादा, माझी चूक झाली. दादा हा शब्दसुद्धा तोंडात आला होता. आत मायच्या बांगड्या वाजल्या आणि मी म्हणाले, "समदं हाय."

तो उठला. म्हणाला, "तळ्यावर मला अन बायकोला कामावर घेईनात. गोदाबाईच्या घरावरून जाता येईना. नगराकडं चाललो." रिकामं फडकं खांद्यावर टाकलं. "मला वाटलं व्हतं, आबा बोलतील. तुमचं तर मी समजू शकतो. तुमी बाईमाणूस." आणि गेला. त्यानं मला दिलेली ती सूट मला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त बोचली आहे, कारण ती मी घेतली. त्याच्या घरात पुढं कुणी राहायला आलं नाही. लिंबाजीचं काय झालं ते मला माहीत नाही. बीडला सुतारकामाच्या दुकानावरून जाताना मी पाटीवरची नावं वाचत असे, पण आत जाऊन कधी विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात माझं लग्न झालं, नानांच्या भाच्याशी, दुष्काळातलं लग्न, दोन पंगतींचं. हळदीच्या दिवशी न्हायला दोन कळशा पाणी मिळालं तेही गोदामावशीच्या नवऱ्यानं लांबून डोक्यावर आणलेलं. हळद लावायला मायनं गोदामावशीलाच बोलावलं. बायका कुजबुजल्या, की एका डोळ्याच्या बाईचा हात कशाला. माय ऐकेना. मायला सगळं ठाऊक होतं. मावशी डोळ्यावर पदर ओढून आली, माझ्यापुढं बसली आणि माझा डावा हात मांडीवर घेऊन हळद चोळायला लागली. कोपरापासून खाली, मनगट, तळवा, एकेक बोट. वाकसानं तळव्याला पडलेले घट्टे तिच्या हाताला लागले असणार. "लई काम केलंस गं माझ्या बाई," ती म्हणाली. "हात बघ कसे झालेत." तिचा उरलेला डोळा भरून आला. मग लिंबाजीच्या नावानं ती बोटं मोडायला लागली. रोजच मोडायची. "ज्यानं त्यो दांडा केला," ती म्हणाली, "त्याचे हात झडू दे. किडं पडून झडू दे."

बायका म्हणाल्या, "व्हय बाई, झडूच दे."

मीही म्हणाले, "व्हय."

तिनं माझा हात हळदीनं माखून खाली ठेवला आणि म्हणाली, "आन दुसरा."